साम्य नऊ टक्के

तो निबंध एका वर्गमैत्रिणीने फोनवर पाठवला,
खाली एकच ओळ: हे तुमच्याकडचंच ना गं?
सर्जेकोटच्या दवाखान्यात तेव्हा सहा माणसं बसलेली,
एकाच्या अंगठ्यात गळ रुतलेला.
गळ काढला, हात धुतले, मग वाचायला घेतलं.
दुसऱ्या तक्त्यापाशी असं वाटलं
की माझ्याच घराचं दार माझीच साडी नेसलेल्या बाईने उघडलंय
आणि ती विचारतेय, कोण हवंय आपल्याला?

वागळीच्या काट्याच्या जखमा. रुग्ण एकशे बारा. लेखक आठ.
सातांनी वागळी पाहिली असेल तर ताटात.
आठवा अनिश केंभावी. तो आला होता,
तीन दिवस राहिला, माझ्या वह्यांचं पानन् पान
फोनमध्ये टिपून घेतलं. संदर्भाला, मॅडम.
आणि मी त्याला आग्रह करकरून सोलकढी वाढत होते.

चार वह्या, अकरा वर्षं.
कुठे आयोडीनचा डाग, कुठे मासळीचा खवला चिकटून वाळलेला.
निबंधात सगळं धुतलेलं.
‘रापण ओढताना पाय पडला’ याचं
‘व्यावसायिक संपर्क’ झालं.
‘रात्रभर गुरासारखा ओरडला’ याचं, दहापैकी नऊ.

संपादकांना लिहिलं. उत्तर सभ्य होतं.
मजकूर संगणकाने तपासला आहे, साम्य नऊ टक्के, मर्यादेच्या आत.
आपले पूर्वप्रकाशित काही असल्यास जोडावे.
माझं प्रकाशित?
लोखंडी कपाट, डांबराच्या गोळ्या,
आणि तिसऱ्या वहीच्या कडेला वाळवीने काढलेली नक्षी.

मग रात्री, दिवे गेलेले असताना,
मेणबत्तीपाशी सापडले एकोणचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर.
बाबल टिकम, चाळीस, डावा घोटा.
विश्राम पांडुरंग टिकम, शेहेचाळीस, उजवी पोटरी.
एकच माणूस. मधल्या दोन वर्षांत
डिझेलच्या सवलतीसाठी त्याने कार्ड काढलं,
कार्डाने त्याचं नाव बदललं
आणि वय चार वर्षांनी फुकटात वाढवलं.
मी त्याला दोनदा मोजला होता. चूक माझी, शंभर टक्के माझी.
आणि निबंधात तोही दोनदा,
दोन्ही ओळींत, दोन्ही वयांनी,
दोन्हींकडून लेखी संमती घेतलेला.

इतकी वर्षं डॉक्टरकी केली,
स्वतःच्या चुकीवर असं प्रेम कधी केलं नव्हतं.

बाबलला सांगितलं. तो जाळ्याची गाठ मारता मारता थांबला.
“म्हणजे माझे दोन केल्यानी?
मगे दुसऱ्याक सांगा, होडयेचो हप्तो भर म्हणान.”

संपादकांना दुसरं पत्र लिहायला बसले. सोबत बाबलची दोन्ही नावं,
दोन्ही व्रण, एकाच माणसाच्या दोन पायांचे फोटो.
सुरुवात छान जमली होती:
कढत पाण्याचा हा उपचार प्रथम मी
आणि तिथे पेन अडलं.

पहिल्या वर्षाचा मे महिना. वाळूत तडफडणारा पोरगा,
मी सुईवर सुई देतेय, थरथरत,
आणि मागून मासळी निवडणारी द्रौपदी जोंगले:
“गो बाये, सुयो कित्याक टोचतंस?
तेचो पाय कढत पाण्यात घाल.”
घातला. अर्ध्या तासात पोरगा झोपला.
वहीत मी लिहिलं, असे निरीक्षणास आले.
कुणाच्या निरीक्षणास, ते नाही लिहिलं.
चार वह्या उलटून पाहिल्या, कुठेच नाही.
नऊ टक्केसुद्धा नाही.

सकाळी बंदरावर गेले. ती बर्फ फोडत होती.
सगळं सांगितलं, निबंध, पत्र, चोरी,
आणि म्हटलं, यात तुझं नाव घालते, पूर्ण नाव सांग.
तिने माझ्याकडे बघितलं,
उपाशी आलेल्या माणसाकडे बघावं तसं.
“नाव मगे घाल.
आदी ह्या पाटयेक हात लाव.”